ताजमहालाच्या पेटीतला कोळी

नंदा गेली हे मला कळलं तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती.

टेंभुर्णीच्या स्टँडजवळ भागवतचं केशकर्तनाचं दुकान आहे. तिथं मी खुर्चीत मान मागं टाकून बसलो होतो. नंदा माझी बायको. ती आमच्या लेकीकडं, वंदनाकडं, जालन्याला साखर तपासायला गेली होती आणि दुसऱ्या दिवशी यायची होती. अंगावरच्या कापडाखाली माझा फोन वाजत होता.

"घ्या ना फोन, तात्या," भागवत म्हणाला.

"असंल कोणी दळनवाली. वाजू दे. थकली की थांबल."

माझी घराला लागूनच पिठाची गिरणी आहे. गिरणी बंद दिसली की बायका फोन करतात. तो फोन थांबला, परत वाजला, परत थांबला. मी तोंडावरचा फेस सांभाळत बसलो. मग दारात सर्जेराव आला. सर्जेराव माझा शेजारी. त्यानं चपला बाहेर काढल्या. हजामतीच्या दुकानात चपला काढून येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं नुसतं भागवतकडं बघितलं. भागवतनं वस्तरा मिटला आणि माझ्या उजव्या गालावरचा साबण टॉवेलनं पुसून टाकला.

"तात्या, बाकीची राहू द्या आता."

मी म्हणालो, "का रं? ब्लेड संपलं का?"

माझी बायको गेली त्यावर मी बोललेलं हे पहिलं वाक्य. लोक अशा वेळी काय काय बोलतात. मी ब्लेडची चौकशी केली.

आमच्याकडं सुतकात दाढी करत नाहीत. दहाव्याला जे काय व्हायचं ते होतं. त्यामुळं पुढं दहा दिवस माझा डावा गाल त्या मानानं गुळगुळीत आणि उजव्या गालावर आधीच आठवड्याची वाढलेली पांढरी खुंटं, असा मी भेटायला येणाऱ्यांसमोर बसलो. उजव्या बाजूला बसणाऱ्यांना मी फार खचलेला दिसायचो. डाव्या बाजूचे म्हणायचे, बरं धरून ठेवलंय यांनी स्वतःला. समोर बसणारे खाली बघायचे. काहींचे खांदे हलायचे. ते रडत होते असं मी धरून चाललो.

नंदाला दुपारी जालन्याहून आणलं. सकाळी चहाचा कप हातात असतानाच ती वंदनाच्या स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिथंच गेली. माणसं भराभर जमली. लाकडासाठी लांब जावं लागलं नाही. गिरणीमागं वादळात पडलेल्या कडुलिंबाचं मोठं खोड होतं. नंदा त्यावर चादर टाकून कुरडया वाळवायची. तेच ओढलं, फोडलं, नेलं. मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला, अर्ध्या दाढीनं.

संध्याकाळी माझी थोरली बहीण, उषाअक्का, पदर खोचून माझ्यापुढं उभी राहिली.

"कडूबा, पीठ दे."

कशाला ते मला माहीत होतं. माणूस गेलं की त्या रात्री जमिनीवर पीठ पसरतात, मधे दिवा ठेवतात आणि वर कोंबड्यांचं डालं झाकतात. सकाळी डालं उचलून पिठावर काय उमटलंय ते बघतात. गाईचा खूर उमटला तर जीव गाईच्या जन्माला गेला, पाखराचा पाय उमटला तर पाखराच्या. गावात कोणाकडंही असं झालं की ताजं पीठ माझ्याच गिरणीतून जायचं. मी या गोष्टीला कायम हसत आलो. रात्रभर पीठ उघडं राहिलं तर त्यावर काय काय नाचतं ते गिरणीवाल्याएवढं कोणाला माहीत असणार? लोक दुसऱ्या दिवशी दळणाला आले की मी विचारायचो, "काय झालं मंग म्हातारं? उंदीर का झुरळ?"

नंदा गल्ल्यावर बसलेली असायची. ती चिडायची. म्हणायची, "तुमच्या टायमाला मी पीठच टाकनार न्हाई. कशात गेले ते कळायलाच नको."

म्हणजे मी आधी जाणार हे तिनं धरलं होतं. मीही धरलं होतं.

अक्काला मी ज्वारीचं पीठ दिलं. चाळून दिलं. का चाळलं, मला सांगता येणार नाही. अक्कानं ते मधल्या खोलीत, नंदा जिथं झोपायची तिथं पसरलं.

सकाळी अक्का, गल्लीतल्या पाच-सहा बाया, सर्जेराव आणि मी डाल्याभोवती जमलो. वंदना दारात उभी होती. अक्कानं डालं तिरकं केलं. पिठावर ठिपके होते. बारीक, रांगेनं, दिव्याला वळसा घालून गेलेले. मधे मधे पुसट रेघा.

"गाईचा खूर न्हाई," एक बाई म्हणाली.

"पाखरूबी न्हाई. पाखराला तीन बोटं असत्यात."

"तुळस असंल. हे बघा, मंजिऱ्या."

"आगं मंजिऱ्या चालत जात्यात का?"

मला हसू येत होतं. बायकोला जाळून एक रात्र झाली होती आणि मला हसू येत होतं. उंदराची शेपटी घासली की अशाच रेघा उमटतात, हे मी सांगणार तेवढ्यात अक्कानं डालं पूर्ण उलटं केलं आणि सगळ्या बाया एकदम ओरडल्या.

डाल्याच्या आत, बांबूच्या कामट्यांना धरून, एक कोळी बसला होता. भिंतीवर जाळं करणारा नाही. माझ्या पंजाएवढा. अंगावर लव, रंग राखेसारखा, पाठीवर जुन्या लाकडासारखी नक्षी. मी जन्मात असला कोळी पाहिला नव्हता. सर्जेरावनं चप्पल उचलली.

कोळ्यानं पुढचे दोन पाय वर केले. ते पाय आतून पिवळेजर्द होते.

"थांब मुडद्या!" अक्का सर्जेरावच्या अंगावर धावली. "पाय बघ तिचे! हळद हाये पायाला. सवाष्ण गेली माझी भावजय. नंदा हाये ती!"

सर्जेराव चप्पल उगारलेल्या हातानंच उभा होता. मग त्यानं ती हळूच खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "चुकलो, वहिनी."

मी वंदनाकडं बघितलं. ती एम.ए., बी.एड. आहे. मला वाटलं आता ती तरी काही बोलेल. ती वळून आत निघून गेली.

इथं माझ्यासारख्या माणसानं काय करायला पाहिजे होतं ते उघड आहे. डालं उचलून गिरणीमागं नेऊन झटकायचं. मी डालं उचललं, पण गिरणीमागं गेलो नाही. आमच्या लग्नात आलेला एक ताजमहाल होता, काचेच्या पेटीतला, आत बल्ब लागणारा. बल्ब पहिल्या वर्षीच गेला होता. पेटी मात्र नंदा दर दिवाळीला पुसायची. मी त्यातला ताजमहाल बाहेर काढला आणि कोळी आत सोडला. वरच्या लाकडी झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. लोकांना मी सांगितलं की अक्काचं मन मोडायला नको म्हणून दहाव्यापर्यंत ठेवतो. अक्का दहाव्यानंतर तिच्या गावी गेली. पेटी कपाटावर तशीच राहिली.

गावाला कळायला वेळ लागला नाही. दळणाला आलेल्या बाया आत डोकावून जाऊ लागल्या. पेटीच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटू लागली. शेजारच्या नंदाबाई, माझ्या बायकोच्या नावाच्याच, रोज येऊन पेटीपुढं सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. एकदा मी म्हणालो, "नंदाबाई, ती कोळी हाये हो."

"असू द्या, भाऊजी. पहिल्यापेक्षा बरं ऐकून घेती."

खायला काय द्यायचं हा पहिला प्रश्न. गिरणीत झुरळांना तोटा नव्हता. नंदा असताना तिचं आणि झुरळांचं युद्ध चालायचं. खडूच्या रेघा, पावडर, फडकी. आता मी ती सगळी औषधं बंद केली आणि झुरळं डब्यात धरू लागलो. एक झुरळ पेटीत सोडलं की ती हलायची नाही. झुरळ जवळ आलं की एकदम झडप. इतकी जल्दी की मी मागं सरकायचो. नंदाला झुरळाची शिसारी होती. ही झुरळ खाते म्हणजे ही नंदा नाही, एवढा साधा हिशोब मला करता आला पाहिजे होता. मी असं ठरवलं की ती बदला घेत असावी.

सोमवारी मी तिला काही द्यायचो नाही. नंदाचा सोमवार असायचा.

एकादशीला तर मी भगर शिजवली. बशीत चमचाभर भगर आणि दाण्याची आमटी पेटीत ठेवली. तिनं बशीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. आमटीत मीठ कमी पडलं असेल असं मला वाटलं. चाखून बघितली. खरंच कमी होतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. पण पेटीपुढं पाट टाकून जेवायचो हे सर्जेरावनं पाहिलं होतं. आणि सातच्या मालिकेला पेटी टीव्हीकडं तोंड करून ठेवायचो हेही. ती टीव्हीकडं पाठ करून झाकणाच्या कोपऱ्यात चढून बसायची.

"वहिनींना दुसरं चॅनल लावून बघ," सर्जेराव म्हणाला.

"तू गप. तुझी चप्पल घाल अन् नीघ."

हसायचं तेवढं हसलो. एक गोष्ट मात्र हसण्यावारी जात नव्हती. वंदना येत नव्हती. दहाव्याला ती आली होती आणि संध्याकाळीच जालन्याला परत गेली. महिना झाल्यावर नंदाच्या नावानं घास ठेवला, त्याला आली नाही. एकटे जावई आले, कल्याणराव. त्यांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे. त्यांनी पेटीकडं चोरून बघितलं आणि "वंदनाला बरं नाही," म्हणाले. फोनवर ती रोज विचारायची, "अण्णा, जेवलात का?" मी हो म्हणालो की फोन ठेवायची. नातीचा आवाजही ऐकू द्यायची नाही. शेवटी मीच विचारलं.

"वंदे, येनार कधी तू?"

"ते घरात हाये तोवर न्हाई."

"आगं, पेटीत असती ती. झाकन हाये वर."

"तुम्हाला पेटी पाहिजे का मी पाहिजे ते ठरवा, अण्णा."

लहानपणी वंदना पालीलाही भ्यायची. मी समजलो, भीतीच असणार. मी झाकणाला कडी बसवली आणि कडीचा फोटो तिला पाठवला. तिनं उत्तर दिलं नाही. बायको गेल्यावर लेकीला माघारी आणायला कडीचा फोटो पाठवणारा बाप जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग पेटीतलीनं खाणं सोडलं.

झुरळ अंगावरून गेलं तरी ती हलेना. नाकतोडा धरून आणला, तोही पेटीत सुखानं राहू लागला. पोट फुगल्यासारखं, रंग मळकट. नंदाही रुसली की जेवायची नाही. भांडायची नाही, बोलायची नाही, नुसतं ताट सारायची. मला कारण शोधत फिरावं लागायचं. तसंच मी आता कारण शोधू लागलो. पेटीची जागा बदलली. गिरणीच्या आवाजाचा त्रास होत असेल म्हणून दळणं लवकर उरकू लागलो. एकदा नंदाचा जुना स्वेटर पेटीवर टाकला. काही उपयोग झाला नाही. माझंही जेवण कमी झालं. एकट्यानं चावत बसायला बरं वाटेना. ही पण जाते की काय असं मनात आलं. तेव्हा मात्र मी पेटी रुमालात बांधून शाळेतल्या अंगद सरांकडं नेली. ते विज्ञान शिकवतात.

सरांनी रुमाल सोडला आणि चष्मा वर केला.

"तात्या, हे कुठून आणलं?"

"घरात निघालं."

त्यांनी मोबाइलवर बरंच काही वाचलं, परत परत पेटीत बघितलं. मग म्हणाले, "ही झाडावर राहणारी जात दिसतेय. झाडाच्या ढोलीत, सालीखाली राहतात. मादी असावी, अंगानं भरलेली आहे. खात नाही कारण कात टाकायला आलीय. काही देऊ नका, हात लावू नका. कात टाकेल आणि जेवायला लागेल."

"रुसली न्हाई ना?"

सरांनी मोबाइल खाली ठेवला. गावातलं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं असणार. "नाही तात्या," ते म्हणाले, "रुसली नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं जवळपास एखादं जुनं, पोकळ झाड आहे का?"

"लिंबाचं खोड होतं. त्या दिवशी..." मी थांबलो.

सरांना कळलं. मलाही कळलं. खोड फोडलं तेव्हा ती त्यातून निघाली असणार, मधल्या खोलीचं दार दिवसभर उघडं होतं, आणि आडोसा हवा म्हणून डाल्याखाली गेली. लिंबाच्या खोडातून माझ्या मधल्या खोलीपर्यंत दहा-बारा पावलं. तिला आठ पाय आहेत, तिला आणखी सोपं.

"अशा प्राण्याला घरात ठेवू नये, तात्या. कायद्यातही बसत नसेल बहुतेक. आणि चावली तर दोन-तीन दिवस बोंबलत बसाल. कात टाकून चार-आठ दिवस झाले की जुनं झाड बघून सोडून द्या. चांगली वर्षानुवर्षं जगेल."

मी पेटी परत रुमालात बांधली. मला नवीन काही कळलं नव्हतं. पिठावर काय नाचतं ते मला आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि मास्तरांनी तोंडावर सांगणं यात फरक पडतो. येताना मी रस्त्यानं पेटी पोटाशी धरून चाललो.

काही दिवसांनी तिनं कात टाकली. पेटीच्या तळाला तिचा सगळा सांगाडा पायांसकट पडला होता आणि ती स्वतः वर, साफ, नव्या रंगाची. अक्का नेमकी तेव्हा आली होती. तिनं खाली एक आणि वर एक बघितली आणि म्हणाली, "आता ही दुसरी कोन गेली गावात?" मला तिला खरं सांगता आलं नाही. मी म्हणालो, "जुनं लुगडं टाकलं तिनं." अक्काला ते बराबर पटलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं जालन्याला गेलो. वंदनाला हे सांगायचं होतं की ती फक्त कोळी आहे, मी तिला सोडून देणार आहे, आता भ्यायचं काही कारण नाही. वाटेत वाक्यं जुळवत गेलो.

जुन्या जालन्यात खाली दुकान आणि वर घर. वंदना स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मला बघून ती उठली, पाणी दिलं आणि परत चिरायला बसली. मी जुळवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. लिंबाचं खोड, अंगद सर, कात.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "मला तवाच माहीत होतं तो कोळी हाये म्हनून."

"मंग भेतीस कशाला?"

"मी भेत न्हाई."

"मंग येत का न्हाईस?"

तिनं विळी आडवी केली. "अण्णा, आई कुठं गेली?"

मला प्रश्न कळला नाही.

"इथं गेली. ह्या फरशीवर. चहा खाली सांडला होता, मी पुसला. जिथं मानूस जातं तिथं पीठ टाकत्यात ना? तुम्ही तिकडं टाकलं. उषाआत्यानं विचारलंबी न्हाई. मंग दहावा करून आले त्या दिवशी मी इथं टाकलं. यांना सांगितलं न्हाई. दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं." तिचा आवाज बारीक झाला. "काही न्हाई आलं. एक रेघ न्हाई. मुंगीसुद्धा आली न्हाई. माझ्या हातात गेली अन् माझ्याकडं आली न्हाई. तुमच्याकडं गेली. तुम्ही जल्मभर हसलात त्याला, तुमच्याकडं गेली."

एम.ए., बी.एड. मुलगी माझ्यासमोर गुडघ्यात तोंड घालून बसली. मी गिरणीवाला. मला सांगता आलं असतं की अगं, काही नसतं तसलं, वरच्या मजल्यावर उंदीर नाही म्हणून पीठ कोरं राहिलं. वाक्यं तर जुळवून आणलीच होती. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"पीठ कुठलं घेतल्तं?"

"काय?"

"पीठ. कुठलं टाकलं?"

तिनं डोकं वर केलं. "घरातलं. गव्हाचं."

"दळून आनलेलं?"

तिनं नाक पुसलं. "पाकिटाचं."

"पाकिटाचं?" मी म्हणालो. "वंदे! पाकिटाच्या पिठावर पाय ठेवंल का तुझी आई?"

नंदा पाकिटाच्या पिठाला पीठ म्हणायचीच नाही. राख म्हणायची. जालन्याला यायची तेव्हा एका हातात औषधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात पिठाचा डबा. आणि पाकीट दिसलं की लेकीला दारातूनच सुरू करायची, गिरणीवाल्याची पोरगी अन् पाकिटं फोडून राह्यली, लोक काय म्हनतील.

आधी वंदनाचा ओठ हलला. मग ती हसली, आणि हसता हसता जे रडू आलं ते काही थांबेना. मीही रडलो. इतक्या दिवसांत मी नीट रडलो नव्हतो. खालून कल्याणराव धावत वर आले. त्यांनी विचारलं काय झालं, आणि वंदना म्हणाली, "पाकिटाचं होतं," आणि परत हसायला-रडायला लागली. जावई बिचारे जिन्यातच उभे राहिले.

जेवताना तिनं विचारलं, "मंग कोळी हाये हे माहीत होतं, तर ठेवला कशाला, अण्णा?"

"कोनाला तरी जेवलीस का म्हनून इचारावं वाटायचं."

"मला इचारायचं की."

"तू मलाच इचारतीस."

येत्या रविवारी मी येते, ती म्हणाली. आणि आली, नातीला घेऊन. आल्या आल्या सरळ कपाटापाशी गेली. पेटीवरचं हळदीकुंकू बघितलं, वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आई, रुसू नको हं माझ्यावर. जवारीचंच आनत जाईन."

मी म्हणालो, "वंदे, कोळी हाये ती."

"मला माहीत हाये. तुम्ही गप बसा."

सर्जेरावच्या बांधावर जुनी चिंच आहे. तिला माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर ढोली आहे. आम्ही चौघं गेलो, सर्जेराव पुढं, पेटी माझ्याकडं. उन्हं कलली होती. मी झाकणाची कडी काढली आणि पेटी ढोलीला लावून तिरकी धरली. ती हलेना. मी पेटी जरा थोपटली. तरी हलेना.

"वहिनी, बिनधास्त जा," सर्जेराव म्हणाला. "आपलंच रान हाये. फवारा मारनार न्हाई मी ह्या बाजूला."

"तू कशाला मधे बोलतो? तुला चप्पल घेऊन बघितलंय तिनं."

"म्हनून तर बोलून राह्यलो. गैरसमज नको."

नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही पेटी घट्ट धरलीय. हलवू नका ना." ते खरं होतं. वंदनानं खालून पेटीला हात लावला. मग पेटीतली निघाली. एक पाय काचेवरून सालीवर, मग दुसरा, घाई नाही. नंदा एसटीत चढताना असंच आधी चाचपून बघायची. सगळे पाय सालीवर आले तेव्हा ती झाडावर दिसेचना. साल तीच, नक्षी तीच. मी म्हणालो, "जेवत जा." सर्जेरावनं दुसरीकडं तोंड केलं. मग ढोलीच्या कडेला काहीतरी हललं आणि आत गेलं.

वंदना दोन दिवस राहिली. जाताना गिरणीतून पायलीभर ज्वारी दळून नेली. तिनं जातीनं उभं राहून दळली, फार जाड झाली, पण मी काही बोललो नाही. अक्काला आम्ही सांगितलं की नंदा चिंचेवर राहायला गेली. अक्का आता येते तेव्हा आधी चिंचेला कुंकू लावते आणि मग माझ्या घरी चहाला येते. गिरणीत झुरळं फार झाली आहेत. खडू आणलाय, रेघा ओढायच्या आहेत.

पेटी पुसून परत कपाटावर ठेवली आहे. ताजमहाल गिरणीत, पट्ट्याच्या वरच्या फळीवर आहे. त्यावर पीठ बसलंय. तो झटकून पेटीत ठेवायचा राहिला आहे.